‘सडा’ या संकल्पनेवर विकिपीडियात स्वतंत्र लेख होऊ शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत भूगोलात पीएचडी करताय, ‘सडा’ (जांभ्याचं उघडं, कातळी पठार) यावर स्वतंत्र लेख लिहावा की ‘जांभा’ या लेखात एक परिच्छेद पुरे, आणि प्रबंधात तुम्ही स्वतः मांडलेली ‘जलसडा’ ही संज्ञा त्यात घालावी का?

स्वतंत्र लेखच लिहा. ‘जांभ्यात घालून टाका’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. जांभा हा दगड आहे. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं आणि त्यावरचं लेखन लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, चिरेखाणी यांभोवती फिरतं. सडा हे भूरूप आहे आणि अधिवासही. पावसाळ्यात उथळ डबकी, बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशा छोट्या वनस्पती. पाऊस सरला की नुसता तापलेला कातळ. कोकणातली बहुतेक कातळशिल्पंही इथेच आहेत. हे सगळं दगडाच्या लेखात कोंबलं तर दोन्ही विषय बिघडतात.

पण वेगळा विषय असणं पुरेसं नाही, उल्लेखनीयता, म्हणजे विषय स्वतंत्र लेखाला पात्र आहे की नाही हे, स्रोतांवरच ठरते. नुसतं ‘सडा’ शोधलंत तर सडा-रांगोळीच हाती लागेल. ‘कातळसडा’, ‘जांभ्याचं पठार’, आणि इंग्रजीत लॅटरिटिक प्लॅटो, फेरिक्रीट हे शब्द जिल्ह्याच्या नावासह शोधा. मिळालेला प्रत्येक स्रोत तपासा. त्यात सड्याबद्दल निदान दोन-तीन सलग परिच्छेद आहेत का? वनस्पतींच्या यादीत ‘ठिकाण: सडा’ एवढंच असेल तर तो बाद. कातळशिल्पांच्या बातमीत ‘सड्यावर’ हा शब्द आला म्हणून तीही चालणार नाही. ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली, तो संदर्भ कातळशिल्पांच्या लेखाचा. त्यावर सड्याची उल्लेखनीयता उभी राहत नाही. एकाच गटाचे पाच शोधनिबंध हा एकच स्रोत धरा. तुमचे आणि तुमच्या मार्गदर्शकांचे निबंध बाजूला ठेवून तीन स्वतंत्र गट उरले तर पुढे जा.

मग धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) मसुदा करा: व्याख्या, निर्मिती, पाणी, जीवसृष्टी, माणसाचा वापर. व्याख्येपुढे मजकूर सरकत नसेल तर ‘जांभा’कडे पुनर्निर्देशन करून (‘सडा’ शोधणारा थेट ‘जांभा’ या लेखावर पोचेल असं करून) थांबा, कारण दोन ओळींचा लेख शब्दकोशातली नोंद म्हणून वगळला जातो. व्याख्येत ‘फक्त कोकणातला’ लिहू नका. चांदोलीतला झोळंबी सडा घाटमाथ्यावर आहे. शीर्षक ‘सडा (भूरूप)’ ठेवा.

मराठीत स्रोत नाहीत म्हणून लेख नको, हा आक्षेप तुमच्याही लेखावर येईल. तो साफ चुकीचा आहे. स्रोत कोणत्याही भाषेतला चालतो, आणि गूगलवर किती पानं सापडतात हा निकषच नाही. ‘गावठी शब्द’ हाही आक्षेप नव्हे; संशोधक इंग्रजी निबंधातसुद्धा ‘सडा’ हाच शब्द वापरतात. चर्चा पानावर असे निबंध पृष्ठक्रमांकासह मांडा आणि वाद तिथेच संपवा.

‘जलसडा’ मात्र घालू नका. ते मूळ संशोधन, म्हणजे इतरत्र प्रस्थापित न झालेली नवी मांडणी, ठरतं, शिवाय स्वतःचंच. तुमच्याशी संबंध नसलेल्या अभ्यासकांनी ती संज्ञा त्याच अर्थाने वापरली की बघता येईल, आणि तेव्हाही ती दुसऱ्या कुणीतरी घातलेली बरी.

हे सगळं विकिपीडियापुरतं. मराठी विश्वकोशात नोंदी संपादक आणि ज्ञानमंडळं (त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांचे गट) ठरवतात. तिथे आधी भूगोलाच्या ज्ञानमंडळाला विचारा, थेट लेख लिहून पाठवू नका.