रात्री साडेदहाची वही

(२०२० मध्ये, करोनामुळे शाळा बंद असताना आलेलं पत्र आणि त्याला तेव्हाच दिलेलं उत्तर)

प्रश्न : मी साताऱ्यात एका बँकेत कॅशियर आहे. लॉकडाऊनमध्येही आमचं काउंटर सुरूच होतं. मुलगा तिसरीत. सकाळी दहाला त्याचा ऑनलाइन तास सुरू होतो, तेव्हा मी नोटा मोजत असते. ह्यांना एमआयडीसीत फोन लागतो, म्हणून माझा घरी ठेवून जाते. सासूबाई लिंक उघडून देतात, पण पुढचं त्यांना कळत नाही. सातला घरी येऊन आंघोळ, स्वयंपाक, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गृहपाठ. परवा रात्री साडेदहाला हातच्याची वजाबाकी चुकली म्हणून मी त्याला धपाटा घातला. पेन्सिल हातात धरूनच तो झोपला. नोकरी सोडू का?

उत्तर : तुझ्याएवढी माझी सून आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. नोकरी सोडू नकोस. शाळा उघडली की तो दप्तर घेऊन निघेल आणि तू घरी बसशील. तुला ते सोसणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी तिसरी-चौथीला. हातच्याची वजाबाकी सगळ्या वर्गाला यायला दिवाळी उजाडायची. ती वीतभर पडद्यावरून एकट्या बसलेल्या पोराला कशी कळावी? खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधून ठेव. ४२ मधून १७ काढायचे, तर चार जुड्या आणि दोन सुट्या. सात सुट्या द्यायला नाहीत, मग एक जुडी त्यालाच सोडू दे. रबर निघून काड्या फरशीवर पसरल्या, मोजल्या की बारा झाल्या. हातचा म्हणजे काय ते त्याला डोळ्यांनी दिसतं. हे दुपारी सासूबाई करून घेतील. लिंकचं राहू दे, हिशेब त्यांनी जन्मभर केलाय.

बाईंशी बोल. जुलै २०२० मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वेळा ठरवून दिल्या आहेत : तिसरी ते आठवीला रोज ४५ मिनिटांची दोन सत्रं. यंदा, २०२०-२१ साठी, अभ्यासक्रमही २५ टक्के कमी केलाय. तेव्हा रोजच्या रोज वहीचे फोटो हवेतच असं नाही. ‘मी सातला घरी येते, रविवारी एकदम पाठवले तर चालतील का?’ एवढंच विचार. त्याही बहुधा आपली लेकरं सांभाळतच तास घेत असतील. मी त्यांच्या जागी असते तर लगेच हो म्हटलं असतं. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ हा अभ्यासाचा कार्यक्रम लागतो, तोही लावून दे. त्यासाठी फोनची गरज नाही, आजी-नातू दोघं बसतील.

तुझ्या पत्रात नवऱ्याचा फोन आहे, नवरा कुठे दिसला नाही. तू पोळ्या लाटतेस तेवढा वेळ वही त्यांनी घ्यावी. हे सांगताना कचरू नकोस, मूल दोघांचं आहे.

आणि त्या धपाट्याबद्दल. त्याला जवळ घेऊन सांग, ‘आई दमली होती, आईचं चुकलं.’ मी एकदा वर्गात एका मुलाच्या हातावर पट्टी मारली होती. पाढा त्याला येत होता, भीतीने विसरला होता. माफी मागायची राहिली आणि पुढच्या वर्षी त्याचं बिऱ्हाड गावातून गेलं. मला ते अजून सलतं.

साडेनऊनंतर वही उघडू नकोस. दिवा मालवून त्याच्याशेजारी पड आणि दिवसभरात काउंटरवर कोण कोण आलं, कुणी फाटकी नोट आणली, ते त्याला सांग.