आरोप घोडेस्वारावर, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, जुलै २०२४ मध्ये, ब्रिटनच्या घोडेस्वार शार्लट दुजार्डिन यांची प्रशिक्षणाच्या वेळी घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक ओढतानाची चित्रफीत पुढे आली आणि त्यांना स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. शिक्षाही त्यांनाच झाली. संघटना चालवणाऱ्यांना अशा वेळी कोणी जाब विचारते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : विचारतात, पण उशिरा, आणि बहुधा बाहेरचे लोक विचारतात. दुजार्डिन यांच्या बाबतीत लोझान येथील आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने तत्परता दाखवली. तक्रार येताच तात्पुरते निलंबन झाले आणि डिसेंबरमध्ये एक वर्षाची बंदी व १०,००० स्विस फ्रँकचा दंड ठोठावला गेला. मात्र तो प्रसंग सुमारे चार वर्षांपूर्वीचा होता आणि चित्रफीत महासंघाकडे पोहोचली ती एका वकिलामार्फत. ज्या खेळात नामवंत प्रशिक्षकाविरुद्ध बोलणाऱ्या शिष्याला किंवा मोतद्दाराला आपले पुढचे काम जाण्याची धास्ती वाटते, तिथे तक्रार इतका काळ का दडून राहिली याचे उत्तर पदाधिकाऱ्यांनी द्यायला हवे.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण लांब पल्ल्याच्या शर्यतींचे, म्हणजे एन्ड्युरन्सचे आहे. जॉर्डनच्या राजकन्या हया २००६ ते २०१४ या काळात महासंघाच्या अध्यक्ष होत्या. त्या स्वतः सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या घोडेस्वार, आणि त्या काळी दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या पत्नी. त्यांच्या कारकिर्दीतच, २००९ मध्ये, घोड्याला उत्तेजक दिल्याच्या प्रकरणात शेख मोहम्मद यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. पतीवर कारवाई झाली, हे संस्थेच्या बाजूने नोंदवायलाच हवे. तरीही आखातातल्या शर्यतींत घोड्यांचे पाय मोडण्याचे प्रकार थांबेनात आणि स्वित्झर्लंडसारख्या सदस्य देशांच्या संघटनांना जाहीरपणे आवाज उठवावा लागला. संयुक्त अरब अमिरातींच्या संघटनेचे निलंबन झाले ते मार्च २०१५ मध्ये, म्हणजे अध्यक्षपद इंगमार डी व्होस यांच्याकडे आल्यानंतर, आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस ते उठलेही. पुढच्या वर्षी मात्र नियमपालनाची हमी न मिळाल्याने जागतिक स्पर्धा दुबईहून स्लोव्हाकियातल्या शामोरीनला हलवण्यात आली. माझ्या मते ही शिक्षा कोणत्याही दंडापेक्षा परिणामकारक होती, कारण यजमानपद जाण्याची झळ थेट सत्ताधाऱ्यांना लागते. हया यांच्यासारख्या हितसंबंध असलेल्या व्यक्तीने त्या विषयापुरते बाजूला होणे योग्यच. पण अध्यक्षच बाजूला झाल्यावर निर्णयाची जबाबदारी कोणाच्या नावावर राहील, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर ती कोणाचीच राहत नाही.

आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच क्रीडाप्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत, तर वेगळीच पळवाट निघाली. या खेळात घोडे आयोजक पुरवत आणि अनोळखी घोड्याशी जुळवून घ्यायला खेळाडूला जेमतेम वीस मिनिटे मिळत. टोकियोत बिथरलेल्या घोड्याला जर्मन प्रशिक्षिकेने ठोसा मारला, तिला स्पर्धेतून दूर करण्यात आले, आणि पॅरिसनंतर घोडेस्वारीच या खेळातून हद्दपार झाली. ती पद्धत वर्षानुवर्षे चालवणारे, या खेळाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष १९९३ पासून पदावर होते. ते २०२४ पर्यंत तिथेच राहिले. घोडा गेला, खुर्ची राहिली!

अश्वारोहण महासंघाने २०२२ मध्ये घोड्यांच्या कल्याणासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी त्याचा अहवालही आला, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र जी संस्था स्पर्धा वाढवते, प्रायोजक आणते, तीच तक्रारींचाही निवाडा करते, हा पेच अहवालाने सुटत नाही. चौकशी नेमणाऱ्यांना निवडणुकीत त्याच राष्ट्रीय संघटनांची मते लागतात.

प्रश्न : माझी मुलगी रायडिंग क्लबमध्ये शिकते. तिथे घोड्याला मारहाण होताना दिसली, तर पालकांनी काय करावे? — एक पालक, नाशिक

उत्तर : क्लबच्या व्यवस्थापन समितीकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी, तोंडी सांगितलेले पुढे कोणाला आठवत नाही. प्रकार गंभीर असल्यास पोलिसांकडे जाता येते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच असला, तरी प्राण्याला ठार केल्यास, जायबंदी किंवा निकामी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपयांचा धाक कोणालाच वाटणार नाही, म्हणून प्रवेश घेतानाच समितीला तीन गोष्टी विचाराव्यात : तक्रार कोण ऐकते, तो मनुष्य प्रशिक्षकाच्या हाताखालचा आहे का, आणि चौकशी चालू असताना त्या प्रशिक्षकाला घोड्यांपासून दूर ठेवतात का.