पिल्लू सुस्त पडलंय? आधी गोचिडी शोधा

तुमचं सहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू कालपासून जेवत नाही, कोपऱ्यात पडून आहे, हे ऐकून काळजी वाटली. उलट्या आणि रक्ताची हगवण असेल तर पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्या, तासभरही थांबू नका. तसं नसेल तर पावसाळ्यात मला आधी गोचीड चावल्याने होणारा गोचीड ताप आठवतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बघा. गोचीड सापडली नाही तरी निर्धास्त होऊ नका, ती चावून गळून गेलेली असू शकते.

ताप गुदद्वारातून थर्मामीटरने मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागण्यावर जाऊ नका. ओठ उचलून हिरड्या पाहा. त्या पांढुरक्या असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी कॉफीसारखी गडद असेल, तर रात्र झाली असली तरी डॉक्टर गाठा. रक्ततपासणीत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) बघायला सांगा.

तपासणीत एर्लिकिया हा गोचीड तापाचा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. चौथ्या दिवशी लेकरू शेपूट हलवायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. आमच्या राणी कुत्रीच्या वेळी मीही थांबवल्या होत्या. ताप उलटला, तिला रक्त चढवावं लागलं. ती वाचली, पण ते दिवस मी विसरलेले नाही.

घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं गोचिडी मारायचं परमेथ्रिनचं औषध तिच्यापासून लांब ठेवा, तिला ते विष आहे.