आतल्या खोलीतले ताट

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५९ आहे. जिभेच्या कर्करोगामुळे त्यांची निम्मी जीभ काढून तेथे मनगटाजवळची त्वचा बसवली. नंतर ३० वेळा रेडिएशन झाले. त्याला सात महिने झाले. तपासणीत आजार दिसत नाही. मात्र तोंड कोरडे पडते, जेमतेम दोन बोटे जातील एवढेच उघडते, बोलणे अस्पष्ट आहे आणि ते ताट घेऊन आतल्या खोलीत एकटेच जेवतात. ‘जीव वाचला, आता एवढ्यावर समाधान माना,’ असे नातेवाईक म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे लाळेपुरते थोडेफार खरे आहे. रेडिएशनने लाळग्रंथी दुखावतात आणि काहींच्या बाबतीत कोरडेपणा कायमचा राहतो. पाण्याची बाटली जवळ ठेवणे, तिखट टाळणे आणि दातांना फ्लोराइड लावून घेणे हे त्यांना पुढेही करावे लागेल. दात काढण्याची वेळ आली, तर रेडिएशन झाल्याचे दंतवैद्यांना आधी सांगा, कारण अशा जबड्याची जखम सहजी भरत नाही.

तोंड उघडणे, गिळणे आणि बोलणे यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. रेडिएशननंतर स्नायू आखडत जातात, त्यामुळे नुसती वाट पाहिली तर तोंड आणखी मिटते. आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि सवय होईल तशी एकेक वाढवायची, हा साधा व्यायाम दिवसातून अनेकदा करतात. तो वाणी व गिळण्याच्या तज्ज्ञांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पाणी पिताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा-ओला येणे किंवा वारंवार ताप येणे, म्हणजे अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. तेव्हा गिळण्याची तपासणी लांबवू नये. तोंड अचानक अधिकच मिटू लागले किंवा नवे चट्टे दिसले, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा. मानेवरही रेडिएशन झाले असल्यास थायरॉइडची तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी. घरात तंबाखू, मिश्री कोणाचीच नको, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

आता ताटाविषयी. भाताची शिते गालात अडकतात, घास खाली जायला वेळ लागतो, हनुवटीवर ओघळ येतो आणि तोवर इतरांचे हात धुऊन झालेले असतात; माणूस आत जातो तो या संकोचाने. भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून द्या, भात मऊ करून त्यावर तूप-वरण घाला. कोणाला पातळ सोसते, कोणाला घट्ट, हे तज्ज्ञ पाहून सांगतील. घरच्यांनी त्यांना पंधरा मिनिटे आधी वाढावे, मग आपण त्यांच्याच शेजारी बसावे, म्हणजे सगळ्यांचे जेवण एकदमच आटोपेल. कोणी त्यांच्या तोंडाकडे पाहत बसू नये, त्यांची वाक्ये पुरी करू नयेत, आणि हनुवटी टिपायला एक मऊ पंचा मात्र त्यांच्या मांडीवर असू द्यावा.