राखेचा बंधारा सिमेंटचा का नसतो आणि फुटायची भीती खरी आहे का?

प्रश्न असा: शेताच्या वरच्या अंगाला औष्णिक वीजकेंद्राचा राखेचा बंधारा आहे, नुसता मातीचा. सिमेंटचा का बांधत नाहीत? पावसाळ्यात फुटेल का?

मातीला दोष देणं आधी सोडा. बंधारा कुठेही फुटला की "मातीचाच होता, फुटणारच" हे ऐकू येतं आणि खरं कारण झाकलं जातं.

६६० मेगावॉटचा एक संच दिवसाला नऊ-दहा हजार टन कोळसा जाळतो. आपल्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के, म्हणजे रोज साडेतीन हजार टनांच्या आसपास राखड. सिमेंटवाले आणि वीटवाले नेतात ती सोडून उरलेली पाण्यात कालवून पाइपाने तळ्यात जाते. या तळ्याचा बांध किलोमीटरमध्ये मोजतात आणि तळं भरत आलं की तो तीन ते पाच मीटरने चढवतात. काँक्रीटची भिंत पाया थोडा बसला तरी तडकते. मातीचा बांध बसतो आणि तरी उभा राहतो. तळं असतं ते राख खाली बसावी आणि वरचं पाणी केंद्राला परत मिळावं म्हणून. पाणी साठवणं हा त्याचा उद्देशच नाही, आणि नव्वद टक्के भांडण इथेच आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन वीजकेंद्राचं उदाहरण बघा. २२ डिसेंबर २००८, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला तिथला साठफुटी बांध सरकला. सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख तीनशे एकरांवर पसरली, एमरी नदीत शिरली, एक घर पायावरून ढकललं गेलं. त्या रात्री कुणी मेलं नाही. पण सफाईला एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला आणि सफाई कामगारांच्या आजारांचे खटले वर्षानुवर्षे चालले. सुरुवातीला पावसाकडे आणि कडाक्याच्या थंडीकडे बोट दाखवलं गेलं. तपासणीत निघालं ते वेगळंच: वरचे टप्पे मूळ जमिनीवर नव्हते, आधी बसलेल्या ओल्या राखेवर चढवले होते. तळाशी गाळाचा आणि बारीक राखेचा एक लिबलिबीत थर होता, तो वाढत्या वजनाखाली हळूहळू सरकत होता. ओल्या वाळूवर पाय थोपटला की ती जशी पातळ होते, तशी सैल, पाण्याने भरलेली राख एका झटक्यात वाहायला लागते. आपल्याकडेही बांध चढवताना बऱ्याच ठिकाणी हीच आतल्या बाजूची पद्धत वापरतात, कारण मुरूम कमी लागतो.

ही पद्धत चालते, पण अटींवर. पाइपाची तोंडं बांधावर ठरावीक अंतराने हवीत आणि ती आळीपाळीने उघडायची, म्हणजे भरड राख बांधालगत बसते आणि बारीक राख व पाणी लांब जातं. पाण्याचं डबकं बांधापासून दूर, डिकँट विहिरीपाशीच (वरचं नितळ पाणी बाहेर काढणारी विहीर) असायला हवं. चढवण्याआधी तळ्याचा तो कप्पा सुकू द्यायचा. म्हणून तीन कप्पे लागतात: एक भरता, एक सुकता, एक चढवता. भराव २०-२५ सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थर प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत ठोकून मिळणारी कमाल घनता) ९५ टक्क्यांपर्यंत दाबलेला. उतार १:२.५ (एक उभा, अडीच आडवा) किंवा त्याहून सपाट. पोटात वाळूचा गाळणथर, पायथ्याशी दगडी टो, म्हणजे दगडांचा भराव, आणि त्यातून वाहणारी नाली. राखेला चिकटपणा नसतो, म्हणून उतारावर मातीचं अस्तर आणि गवत. झाडं नकोत. बाभळीचं मूळ कुजलं की पाण्याला आयता बोगदा.

आता पावसाचं. शंभर हेक्टरच्या तळ्यावर दिवसात २०० मिलिमीटर पडला तर दोन लाख घनमीटर पाणी येतं. ते वीस हेक्टरच्या डबक्यात गोळा झालं की पातळी मीटरभर चढते. मोकळा काठ, म्हणजे पाण्याच्या वर उरलेली बांधाची उंची, असते एक-दीड मीटर. डबकं आधीच वर ठेवलं असेल तर संपलं. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा बंधारा अतिवृष्टीत फुटून राखड शेतांत आणि नाल्यांत गेली. अशा वेळी पावसाचा आकडा सगळे सांगतात. मे महिन्यात डिकँट विहिरीच्या फळ्या, ज्यांनी डबक्याची पातळी ठरते, किती वर होत्या, हे कुणी सांगत नाही.

"तळं भरलेलं ठेवलं की उन्हाळ्यात धूळ उडत नाही आणि पंप चालतो" हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. धुळीवर फवारे आणि मातीचं आवरण आहे. पंपाला फ्लोटिंग पाँटून, म्हणजे तरंगता तराफा आहे. बांधाच्या पोटातली पाणरेषा वर चढली तर तिच्यावर उपाय महाग पडतो, तो कधी कधी गावाला भरावा लागतो. पिझोमीटर (बांधाच्या पोटातलं पाणी मोजणाऱ्या नळ्या) बसवून त्यांची नोंद न घेणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

तुम्ही खालून काय बघू शकता? टोच्या नालीत स्वच्छ पाणी वाहणं चांगलं. ते गढूळ, राखाडी झालं तर आतून राख वाहतेय. वेळ तासांत मोजा, लगेच केंद्राला आणि तहसीलदारांना कळवा आणि खालच्या नाल्यातून जनावरं-माणसं हलवा. ऐन पावसाळ्यात वाहती नाली अचानक कोरडी पडली तर खूश होऊ नका, गाळणथर बुजला असेल. उतारावर मधेच ओल, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग, हेही तसंच. गळती मातीने बुजवायला कुणी निघालं तर थांबवा: आधी वाळू, मग खडी, मग दगड, म्हणजे पाणी निघतं आणि राख अडते. हे काम केंद्राच्या माणसांनी करायचं, तुम्ही नाही.

हे सगळं पातळ राखड सोडणाऱ्या बंधाऱ्यांबद्दल. जिथे घट्ट स्लरी (राख-पाण्याचं दाट मिश्रण) सोडतात तिथे पाणी कमी आणि हिशेब वेगळा. तुमचा बंधारा पहिल्या टप्प्याचा, कठीण मुरमावर उभा असेल तर धोका बराच कमी. किती टप्पे चढलेत आणि ते कशावर उभे आहेत, हे माहिती अधिकारात मागा, सोबत गेल्या दोन पावसाळ्यांचे पिझोमीटरचे आकडेही. आणि तुमच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्यातलं बोरॉन आणि आर्सेनिक तपासून घ्या, ते उतरायला बंधारा फुटावा लागत नाही.