पितळ उघडं पडेल, ही भीती

"मॅडम, त्यांनी काही विचारलं आणि मला आलं नाही, तर माझं पितळ उघडं पडेल."

इंदूरच्या विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत मुलाखतीला निघालेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा हे वाक्य हमखास ऐकू येतं. सॉफ्टवेअरसाठी लेखन करू पाहणाऱ्यांच्या तोंडी तर ते जास्तच असतं. सॉफ्टवेअर बनवतात इंजिनियर आणि त्यावर लिहायचं यांनी. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं त्यांना वाटत राहतं.

राजेंद्रनगरची सायली (नाव बदललं आहे आणि तिच्या परवानगीने लिहिते आहे) अशीच आली. रुग्णालयांच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या मदतकक्षात ती तीन वर्षं फोन घेत होती. आता तिला मदतलेख, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते समजावणारे लेख, लिहिण्याच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं.

"तयारी किती झाली?"

"साठ प्रश्न पाठ केलेत. एपीआय म्हणजे काय, गिट म्हणजे काय, सगळं. पण रात्री वाटतं, एकसष्टावा विचारला तर?"

"तर काय होईल?"

"ते म्हणतील, ही तर फोन उचलणारी मुलगी, हिला काय कळतं! त्याच्यापुढे मला काही सुचूनच नाही राहिलं."

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगावर आपण लादलेली सक्ती आपल्याला जास्त छळते, हा तिचा गाभा. सायलीची सक्ती उघड होती: मला प्रत्येक उत्तर आलंच पाहिजे. तीन भेटी आम्ही त्या 'च'शी झुंजलो. तिला सगळं पटायचं, आणि तरी रात्री झोप लागायची नाही. बुद्धीला पटलेलं अंगात उतरवायचं तर काही करावं लागतं, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मी तिला एलिस यांचीच गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांना अनोळखी स्त्रियांशी बोलायची धास्ती होती. ती घालवायला ते न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकांवर बसलेल्या शंभर स्त्रियांशी ठरवून बोलले, असं ते स्वतः सांगत. मग मी तिला गृहपाठ दिला: "सराफ्यात जायचं आणि भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस कसा करतात, ते चारचौघांत विचारायचं."

"मॅडम! इंदूरची असून?"

"म्हणूनच."

पुढच्या शनिवारी ती आली ती हातात वही घेऊन. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा ती आईबरोबर गेली होती. दुकानदार आधी हसला. "इंदौर की होकर नहीं मालूम?" मग म्हणाला, "सीधा काम है. भुट्टा किसो, घी में भूनो, दूध डालो, हो गया."

"तिथेच अडलं ना, मॅडम. मी विचारलं, दूध कधी घालायचं? तो म्हणाला, भाजून झाल्यावर. मी म्हटलं, भाजून झालं हे कळतं कसं? तर तो थांबला. झारा हातात तसाच. मग म्हणाला, कच्चा वास गेला आणि कडेने तूप दिसायला लागलं की. म्हणाला, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

मी वही मिटली. "सायली, लाज वाटली?"

"पहिल्या मिनिटाला. नंतर विसरलेच."

"आणि आत्ता जे सांगितलंस, ते त्या नोकरीतलं कुठलं काम?"

ती बराच वेळ गप्प होती. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरावी, हे मी फार उशिरा शिकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "इंजिनियरला जे इतकं येतं की सांगायचं सुचत नाही, ते काढून घेणं."

खरं सांगते, गृहपाठ मी भीडेवर दिला होता. त्यातून तिचा व्यवसायच हाती लागेल, हे मलाही दिसलं नव्हतं. माहीत नसणं हे या कामातलं व्यंग नाही, तिथूनच हे काम सुरू होतं. गूगलची डेव्हलपरांसाठीच्या लेखनाची मार्गदर्शिकासुद्धा 'सोपं', 'नुसतं' असे शब्द टाळायला सांगते, कारण अडलेल्या वाचकाला ते काम सोपं नसतं. दुकानदाराचं 'सीधा काम' ते हेच.

त्यानंतर तयारीचं स्वरूप पालटलं. साठ प्रश्न बाजूला ठेवले. अशा जागेसाठी जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता तेच सांगते. आधी जाहिरात नीट वाचा. 'कंटेंट रायटर' म्हणून कुणाला जाहिरातीचे ब्लॉग हवे असतात, कुणाला मदतलेख. स्पष्ट नसेल तर फोन करून विचारा. कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट वापरून पाहता येत असेल तर वापरा, तिचे मदतलेख वाचा आणि आपण कुठे अडलो ते टिपून न्या. दोन-तीन स्वच्छ नमुने बरोबर असू द्या. त्यात सूचना क्रमाने हवी आणि धोक्याचा इशारा पायरीच्या आधी. 'डिलीट दाबा' म्हटल्यावर 'आधी बॅकअप घ्या' सांगून काय उपयोग? मार्कडाउनची, म्हणजे साध्या मजकुरात शीर्षकं-याद्या दाखवायच्या खुणांची, मूळ चिन्हं एका दुपारी येतात, ती शिकून घ्या, पण न वापरलेलं साधन वापरलं म्हणू नका. एआय असताना तुमची गरज काय, असंही विचारतील. उत्तर स्वतःच्या अनुभवातून द्या. सायलीने दिलं: ज्या अडचणीवर अजून कुणी ओळही लिहिलेली नाही, ती मला फोनवर पहिल्यांदा ऐकू येते.

फोनची ती तीन वर्षं तिला आता कमीपणाची वाटत नव्हती. आजीला मराठीत, ग्राहकाला हिंदीत आणि इंजिनियरला इंग्रजीत एकच गोष्ट समजावणं, हे इंदूरच्या मराठी घरातली मुलगी लहानपणापासून करत आलेली असते. आपली मराठी भेसळीची म्हणून आपण उगाच ओशाळतो.

मुलाखतीत एकसष्टावा प्रश्न आलाच: वेबहुकवर लिहाल का? सायली म्हणाली, "वापरलेलं नाही. एका प्रणालीत काही घडलं की दुसरीला आपणहून निरोप जातो, इतकंच ठाऊक आहे. लिहिण्याआधी इंजिनियरला विचारीन, निरोप नेमका केव्हा जातो, त्यात काय असतं, आणि पोचला नाही तर पुन्हा जातो का." समोरच्यांनी पुढची पंधरा मिनिटं याच तीन प्रश्नांवर घालवली.

निकाल अजून यायचा आहे. सायलीने वहीतलं कीसाच्या कृतीचं पान नमुन्यांत लावलं आहे. परवा तिने त्यात एक ओळ वाढवली: आच मंद करा, नाहीतर कीस खाली लागतो. ती ओळ तिने दुधाच्या आधी लिहिली आहे.