घरचा म्हणून शेवटी?

चि. मनू,

परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, मी घरचा आहे म्हणून मला नेहमी शेवटी का?" आईने विषय बदलला आणि मी पानावरून उठलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. बोलायला बसलो की मी उपदेश करतो, असं तू म्हणतोस. पत्र तुला हवं तेव्हा बाजूला ठेवता येईल. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

झालं ते एवढंच. मी काका-काकूंना इसेला, जपानच्या त्या मोठ्या तीर्थाला, घेऊन गेलो, तू तापाने आणि सर्दीने घरी. येताना आकाफुकूची, तिथल्या प्रसिद्ध मिठाईची, पेटी आणली. आधी ती देवापुढे ठेवली, मग शेजारच्या आजींकडे थोडी, खालच्या मजल्यावर थोडी, काका-काकूंना थोडी. उरली ती तुझी. तुझा घसा धरलेला, म्हणून आईने अजून थांबवलं. ही मिठाई हिवाळ्यातसुद्धा बनवल्याच्या दिवसासकट तीनच दिवस टिकते, उन्हाळ्यात दोन. तुझ्या हातात आली तेव्हा तिच्यातली चिकट तांदळाची मऊ मोची घट्ट झाली होती.

आता माझ्या लहानपणीचं ऐक. फोटोतली नऊवारीतली ताईआजी तुला माहीत आहे. ती मिरजेहून पंढरपूरला जायची. तेव्हा त्या मार्गावर अरुंद रुळांची छोटी गाडी होती; कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला करत निवांत जायची. आजी निघायच्या आदल्या संध्याकाळी वाड्यातल्या बायका एकेक करून यायच्या. कुणी चार आणे द्यायचं, कुणी रुपया, कुणी खडीसाखरेची पुडी. "आमचाही नमस्कार सांगा विठोबाला." आजी ते सगळं एका जुन्या पातळाच्या तुकड्यात वेगवेगळ्या गाठी मारून बांधायची. कुठली गाठ कुणाची, हे तिला विचारावं लागायचं नाही.

परत आली की पिशवीत चुरमुरे, बत्तासे, बुक्का. पिशवी देव्हाऱ्यासमोर, मग वाडाभर वाटप, आणि सगळ्यात शेवटी आम्ही घरची पोरं. आमच्या हातावर पडायचे ते तळाचे चुरमुरे. त्यात फुटका बत्तासा सापडला तर भांडणं.

एका वर्षी मी तुझ्यासारखाच सर्दीने पडलो होतो. छाती भरलेली, आई तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकत होती. आजी आली, पायसुद्धा धुतले नाहीत, पिशवी सोडली आणि पहिले बत्तासे घेऊन गेली ती जिन्याखालच्या खोलीत. तिथे एक म्हातारे मास्तर राहायचे, अंथरुणाला खिळलेले. त्यांना देवाच्याही आधी. मास्तर आजारी, मीही आजारी. त्यांना बत्तासे आणि मला गवती चहा, आलं, मिरी घातलेला काढा. गोडाने कफ होतो, हा नियम फक्त मला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आजी जवळ बसून म्हणाली, "ते आपलं नव्हे रे. लोकांनी विश्वासाने सोपवलेलं. घरचं माणूस थांबतं." मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं. तुझा प्रश्न ऐकला आणि तोच राग आठवला. इतक्या वर्षांनी.

इसेला गेलो की मला हमखास आजी आठवते. तुम्हाला शाळेत दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा इदो काळ शिकवतात ना, त्या काळात इसेची यात्रा सगळ्यांना परवडायची नाही. मग गावातले लोक मिळून पैसे साठवायचे, चिठ्ठ्या टाकायचे, आणि ज्याचं नाव निघेल तो सगळ्यांच्या वतीने दर्शनाला जायचा. येताना देवळाचे ताईत आणि काहीबाही लहानसहान वस्तू आणायचा, मागे राहिलेल्यांसाठी. माझ्या ऑफिसात कुणी गावाहून आलं की प्रत्येकाच्या टेबलावर एकेक मिठाई ठेवतो, त्या ओमियागेचं मूळ अशाच यात्रांत सांगतात. आकाफुकूचं दुकान १७०७ पासून तिथे, देवळाच्या वाटेवर आहे. मोचीवर अझुकीचं, त्या लाल कडधान्याचं, मऊसूत पुरण आणि त्यावर तीन वळ्या असतात ना, ती इसुझु नदीची धार. खालची पांढरी मोची म्हणजे नदीच्या तळाचे गोटे. तू पाहिलीस तोवर वळ्या चेपल्या होत्या, म्हणून सांगितलं.

तर आजीचं आणि इसेच्या त्या माणसाचं गणित मला कळतं. दुसऱ्यांच्या पैशाने, दुसऱ्यांचा नमस्कार घेऊन गेलेला माणूस आधी दुसऱ्यांना देणार. पण आकाफुकू तर मी माझ्या पैशाने दुकानातून घेतली. मला कुणी गाठ बांधून दिली नव्हती. मग शेजारच्या आजींचा वाटा आला कुठून? सवय म्हटलं तर तू म्हणशील, सवय बदलता येते. येते. आणि मागे राहिलेल्यासाठी आणायचं हाच जर नियम, तर या वेळी मागे राहिला होतास तू. मास्तरांचा बत्तासा खरं तर तुझा. हे आजीला विचारायचं माझं राहून गेलं. ती काय म्हणाली असती, कोण जाणे.

गोडाचंही तसंच. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशाखाली उतरेल ते खाऊ दे. आम्ही मात्र तुला मऊ भात आणि मेतकूट देत बसलो. ते तुला आवडतं म्हणून काही वाटलं नाही, नाहीतर तेही लादल्यासारखंच झालं असतं.

तरी एक गोष्ट मला सोडवत नाही. मी मिठाई द्यायला दार वाजवलं तेव्हा शेजारच्या आजींनी पहिल्यांदा विचारलं, "मुलगा दिसला नाही?" म्हणून त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या योशिनोचं कुझू घेऊन आल्या, आणि आपल्याच ओट्यापाशी उभ्या राहिल्या. तू झोपला होतास, तुला दिसलं नाही. कुझूच्या वेलीच्या मुळातल्या सत्त्वाचे पांढरे खडे त्यांनी आधी गार पाण्यात विरघळवले, मग मंद आचेवर हात न थांबवता ढवळत राहिल्या. बराच वेळ नुसतं दुधाळ पाणी. मग एकदम तळाकडून दाटायला लागलं, पांढरेपणा जाऊन आरपार दिसायला लागलं, चमच्यावरून जाड थेंब ओघळला. साखर घातली, वरून आल्याचा रस पिळला. माझी आई तवकिरीची खीर करताना असाच हात चालवायची. उठल्यावर तू ते सगळं संपवलंस. चांगलं गोड होतं. आई एक अक्षर बोलली नाही.

पेटीच्या बदल्यात त्या आल्या असं मी म्हणत नाही. त्या तशाही आल्या असत्या. पण दार वाजवलं नसतं तर तू आजारी आहेस हे त्यांना कळलं नसतं, आणि परक्या गावात कळणं हेच अवघड असतं. वाड्यात खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा, इथे दारं बंद असतात. आईला आणि मला हे फार वाटतं. तुला वाटेलच असं नाही. तू इथलाच, तुझी दारं कदाचित वेगळ्या तऱ्हेने उघडतील.

पुढच्या महिन्यात आपण तिघं इसेला जाऊ. एक तारखेला तिथे वेगळी मोची मिळते, जानेवारी सोडून दर महिन्याची निराळी. एप्रिलमध्ये साकुरामोची असते. पहाटेपासून रांग लागते, तेव्हा लवकर उठावं लागेल. पेटी तू उघड. तिथेच नदीकाठी बसून पहिली तू खा. उरलेली कुणाला द्यायची, द्यायची की नाही, ते तू ठरव. देवापुढे ठेवायची का, तेही. मी मध्ये बोलणार नाही, आणि आईलाही तसं सांगून ठेवलंय.

नाकाला वाफ घेत राहा. खोकला अजून गेलेला नाही.

तुझा,
बाबा